रिकामं जातं

थोरल्या जावेच्या, कुंताच्या, तेरवीला भजनी मंडळ बोलवायचं ठरलं, तेव्हाच जयवंताच्या मनात पाल चुकचुकली होती. भजन म्हटलं की टाळ-मृदंग आला, आणि नत्थूजींनी मनावर घेतलं म्हणजे भोंगाही आला. नत्थूजी हे सासऱ्यांचे चुलतभाऊ. सासरे गेल्यापासून या घराचा कारभार आपल्याच डोक्यावर आहे असा त्यांचा समज होता, आणि तो खोडायला कोणाला सवड नव्हती. "वासुदेवरावची बायको गेली, लहानसहान गोष्ट नाई," असं म्हणत त्यांनी सेलूहून भोंगा आणवला आणि अंगणातल्या कडुनिंबावर बांधून घेतला. पहिली खरखर झाली तशी कोंबड्या कुंपणाबाहेर पळाल्या.

जयवंतानं भोंग्याकडे पाहिलं आणि मग धुरपताला शोधलं. कुंताची ती एकुलती एक पोर माजघरात जात्यापाशी पालथी पडली होती. दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबलेले, आणि कपाळ थंड दगडाला टेकलेलं.

बोलायच्या वयात पोरगी बोलली नाही, तेव्हा सगळे म्हणाले, उशिरा बोलेल. नंतर कोणी काही म्हणायचं बंद झालं. हाक मारली तर ती वळून पाहायची नाही. डोळ्याला डोळा द्यायची नाही. अंगावर मायेनं हात ठेवला तरी चटका बसल्यासारखी अंग चोरायची. कुंतानं तिला वर्ध्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी कान तपासले. कान चांगले आहेत म्हणाले, आणि मग हिला झालंय तरी काय, हे त्यांनाही सांगता आलं नाही. कान चांगले होते, हे कुंताला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं. फटाका वाजला, बँड वाजला, घरात भांडण झालं, की पोरगी दिसेल त्या अंधाऱ्या सांदीत घुसायची. कणगीमागे, पलंगाखाली, जिथं अंग चहूकडून दाबलं जाईल तिथं.

तिला शांत करणारी एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे हे जातं. गावात चक्की येऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरोघरची जाती आता डाळ भरडण्यापुरती उरली होती. पण कुंता रोज सकाळी जात्यावर बसायची. पोरगी दगडाला कान लावून पडायची आणि जात्याच्या घरघरीवर आपली टाच भिंतीवर आपटत राहायची. ठक, ठक, ठक. समोरून जयवंता खुंट्याला हात लावायची. चारचौघांत ती थोरल्या जावेला 'बाई' म्हणायची, पण जात्यावर बसलं की 'कुंते' म्हणायची मुभा होती. दोन वेळा जयवंताचं पोटातच गेलं, त्या दोन्ही वेळा कुंतानं तिला उठवून इथं आणून बसवलं होतं. "रडू येते तं रड, पन खुंटा सोडू नोको," एवढंच ती म्हणाली होती.

आता कुंता नव्हती. तुळशीच्या लग्नाला गावात फटाके फुटले आणि पोरगी मागच्या फाटकातून पाटाकडे पळाली. धरणाचं पाणी पाटाच्या दारातून पडताना घुमतं, त्या घुमण्याकडे ती ओढली जायची. कमरेला बांधलेली घाटी, वासराच्या गळ्यात असते तशी लहानशी पितळी घंटा, वाजत दूर गेली, ती कुंतानं ऐकली आणि हातातलं टाकून धावली. पोरीला तिनं वर ढकललं. तिला स्वतःला मात्र वर येता आलं नाही.

तेव्हापासून घरातलं जातं बंद होतं. सुतकात दळायचं नाही, हा रुख्माबाईंचा कडक नेम. सासूबाई कुठल्याही गोष्टीला भीत आणि म्हणून प्रत्येक गोष्टीचा नेम पाळत. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही, गर्भार बाईनं गाठ मारायची नाही, आणि रिकामं जातं तर कोणी चुकूनही फिरवायचं नाही, घरातलं माणूस जातं. जयवंताला पाचवा महिना होता. तिच्यामागे तर हे नेम सावलीसारखे फिरत.

"हे काय बांधलं व इले?"

दारात विमलाबाई उभ्या होत्या, कुंताची मोठी बहीण. दुखवट्याचे कपडे घेऊन त्या सकाळीच सेलूहून आल्या होत्या. पोरीच्या कमरेची घाटी पाहून त्यांचा चेहराच पडला.

"बाईनंच बांधली होती, ताई," जयवंता म्हणाली. "पोरगी कुठं गेली ते समजते."

"माह्या बहिनीची लेक हाय का वासरू हाय?" विमलाबाईंना रडू आवरेना. "ती होती तवा बांधली असंन. पन आज आमचे सारे सोयरे जमले. तिच्या तेरवीले तिच्या लेकीले लोकाईनं ढोरावानी पाहावं का?"

त्यांनी पोरीसाठी आणलेला गुलाबी फ्रॉक काढला, कडक झालरीचा. पोरगी किंचाळली, तरी दोघींनी मिळून तो चढवला. आणि चढवता चढवता विमलाबाईंनी घाटीची दोरी सोडली आणि घाटी आपल्या पिशवीत टाकली. जयवंताच्या ओठांवर आलं होतं, ताई, नका काढू. पण ओसरीवर दहा बाया बसलेल्या, त्यातल्या दोघी-तिघी मान वाकडी करून पाहत होत्या. धाकट्या जावेनं मेलेलीच्या बहिणीशी वाद घातला असं गावभर झालं असतं. तिनं तोंड मिटून घेतलं.

भजन सुरू झालं. भोंग्यानं घर दणाणून सोडलं. जयवंता चुलीपाशी वडे तळायला बसली, आणि तासभर तिला मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

पंगती उठल्या आणि ओसरीवर घरच्यांची बैठक बसली. नत्थूजींनी पानाला चुना लावत विषय काढला.

"पाह्य वासुदेव. झालं ते झालं. पन पोरीचं काही तरी करा लागन. आईले घेऊन गेली ते. आता घरात गर्भार बाई हाय. पोरगी लाथा मारते, डोस्कं आपटते. उद्या काही झालं तं मंग कोनाले पुसशीन?"

वासुदेवराव खांबाला टेकून बसले होते. कुंताला पाटातून काढल्यापासून त्यांनी आपल्या पोरीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती ओसरीवर आली की ते उठून गोठ्यात जात. जयवंतानं दाराआडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. ते तिचे भासरे, थोरले दीर. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भासऱ्यासमोर धाकटी सून बोलत नाही, सावलीलाही लागत नाही. काही सांगायचं असलं तर मधे कुंता असायची.

"टेकडीवरच्या देवाच्या ठान्यावर भगत हाय," नत्थूजी पुढे म्हणाले. "अशे लेकरं त्यानं सुधारले. निंबाले बांधून ठेवते, धुनी देते. येत्या अवसेपर्यंत ठेवून पाहू."

"साखळीनं बांधते म्हन्ते तेथं," रुख्माबाई हळूच म्हणाल्या.

"मोकळी राहून पाटात जाण्यापक्षा बांधलेली बरी, वहिनी."

रुख्माबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग विमलाबाईंकडे. "तुमी नेता का, बाई? मावशी म्हंजे आईच."

विमलाबाई सकाळपासून बहिणीच्या नावानं डोळे गाळत होत्या. आता त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. "मी तं नेली असती... पन आमच्या इकडचे मानूस कसे हायेत, तुमाले मालूम हाय."

"माह्या डोक्यात तं जयवंताचंच येते," चंद्रभान म्हणाला. जयवंताचा नवरा, भावाच्या शब्दाबाहेर न जाणारा. आज तो पहिल्यांदा भावाच्या आधी बोलला. "दोनदा गेलं. आता तिसऱ्यांदा मले पाहनं होत नाई, दादा."

वासुदेवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "न्या. मले तिच्याकडे पाहवत नाई."

रुख्माबाईंनी दाराकडे मान वळवली. "तू काय म्हन्तं, जयवंता? इतले दिवस तूच पाहून राह्यली तिले."

आता बोलायची वेळ होती. कुंताच्या बाजूनं बोलणारं या ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं. जयवंताला ते कळत होतं. पण तिला गेल्या आठवड्यातली पोरीची लाथ आठवली, ओटीपोटापासून वीतभर अंतरावर बसलेली. त्या रात्री ती पोटावर हात ठेवून पडून राहिली होती, आतलं हलेपर्यंत तिनं श्वास सोडला नव्हता. तिला पोरीची भीती वाटत होती. कुंताच्या पोरीची. हे ती कोणाला सांगू शकली नसती.

"तुमी म्हनसान तसं, आत्याबाई," ती म्हणाली.

आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

"मंग आताच निंगा," नत्थूजी उठले. "दिवस हाय तवर पोचून जाऊ. बैलबंडी जुपतो मी. आन व पोरीले."

जयवंता माजघरात गेली. जात्यापाशी कोणी नव्हतं. तिनं पलंगाखाली पाहिलं, कणगीमागे पाहिलं. न्हाणीत पाहिलं. मग ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि कान देऊ लागली, रोज द्यायची तशी, घाटी कुठं वाजते म्हणून. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की घाटी वाजणारच नाही.

"धुरपता कोनी पाह्यली?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ताई, पोरगी तुमच्याजवळ होती ना?"

"मी तं जेवाले बसली होती," विमलाबाई म्हणाल्या. "ते जात्यापाशी होती की."

कोणीच पाहिली नव्हती. एवढं घर भरलेलं, आणि जो तो समजत होता की ती दुसऱ्यापाशी आहे.

तेवढ्यात चंद्रभाननं घरामागून हाक दिली. मागच्या फाटकापाशी, भिंतीलगत गवतात, गुलाबी फ्रॉक पडला होता. झालर फाटलेली. फाटक उघडं होतं, आणि फाटकाबाहेरची वाट सरळ पाटाला जात होती.

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. चंद्रभान पळाला, त्याच्यामागे सोयरे पळाले, भजनी मंडळातले बुवासुद्धा धोतर खोचून पळाले. विमलाबाई फाटकाशी बसकण मारून कपाळ बडवू लागल्या. जयवंताही धावली, पण पाटाच्या वाटेला लागायच्या आत तिच्या पोटात अशी कळ आली की ती वाकली. रुख्माबाईंनी मागून येऊन तिचा दंड धरला.

"तू जाऊ नोको. तुले माही आन हाय. एक सून गेली त्या पान्यात."

जयवंता फाटकाला धरून उभी राहिली. पाटाचं पाणी इथूनही ऐकू येत होतं. त्या पाण्यानं कुंताला नेलं तेव्हा ते असंच, काही झालं नाही अशा सुरात वाहत होतं.

आणि मग भोंगा खरखरला.

"धुरपता..."

वासुदेवरावांचा आवाज होता. पाटाकडे जायला त्यांचे पाय उचलले नव्हते. ते माइकपाशी गेले होते आणि दोन्ही हातांनी माइक धरून पोरीला हाका मारत होते. "धुरपता, कुठं हायस माय... ये... तुह्या बाबापाशी ये..." इतके दिवस न घेतलेलं नाव ते आता गावभर ऐकू जाईल अशा आवाजात घेत होते, आणि रडत होते, आणि भोंगा ते रडणं दसपट करून कडुनिंबावरून फेकत होता. अंगणातल्या बाया डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

जयवंताला मात्र दुसरंच दिसत होतं. पोरगी कुठंतरी आहे. पाटात नसेल तर कुठंतरी आहे. आणि ही प्रत्येक हाक तिला आणखी आत, आणखी अंधारात ढकलते आहे. नावानं ती कधी आली होती? कुंता तरी तिला कुठं नावानं बोलवायची? कुंता जात्यावर बसायची, आणि पोरगी जिथं असेल तिथून यायची.

ती वळली. रुख्माबाईंचा हात सोडवून ती अंगणात आली, सगळ्या बायांच्या देखत, आणि कडुनिंबाखाली भासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून कधी सरकला ते तिला कळलं नाही.

"चूप राहा जी," ती म्हणाली.

वासुदेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई बोलते, हेच त्यांना नवीन होतं.

"भोंगा बंद करा. आवाजानं भेते ते. तुमी बोलवता तितली लपते. चूप राहा, सारेच चूप राहा." आणि मग आवाज फुटून, "माह्या कुंताची पोरगी हाय ते. मले तिले बलवू द्या."

भोंगेवाल्यानं स्वतःहूनच बटण दाबलं. एकदम जी शांतता पडली ती भोंग्यापेक्षा भयंकर होती.

जयवंता माजघरात गेली आणि जात्यापाशी मांडी घालून बसली. सुपात दाणे नव्हते. दाणे शोधायला कोठीत जायला तिला धीर नव्हता. तिनं खुंटा धरला. मागोमाग आलेल्या रुख्माबाई उंबऱ्यात थबकल्या.

"जयवंता. रिकामं हाय ते."

"मालूम हाय."

"पोटुशी हायस तू. रिकामं जातं फिरवू नाई व, पोरी. पाया पडतो तुह्या."

जयवंताचा हात थांबला. भीती काय फक्त सासूलाच वाटत होती? तिलाही या घरानं तेच नेम शिकवले होते. रिकामं जातं फिरलं की घरातलं माणूस जातं. तिच्या पोटातलंही माणूसच होतं. तिनं डोळे मिटले. समोर कुंता बसलेली असावी असं तिला वाटलं, पण समोर नुसती रिकामी जमीन होती. तिनं खुंटा ओढला.

दगडावर दगड घासला गेला. दाण्यांवर फिरताना जातं घरघरतं. रिकामं फिरलं की ते ओरडतं. तो आवाज ऐकून अंगणातल्या बाया मागे सरकल्या. जळका वास आला. जयवंता फिरवत राहिली, आणि फिरवताना कान देत राहिली. काही नाही. दूर पाटाकडे माणसांचे आवाज. काही नाही. तिचा खांदा भरून आला, कमरेतून कळ निघाली, आणि तिला वाटलं, आपण उगाच बसलो आहोत, पोरगी पाण्यातच आहे, तिच्या आईपाशी.

ठक.

तिचा हात फिरत होता.

ठक. ठक.

अगदी बारीक, गादीखालून यावा तसा. पण जात्याच्या तालावर. आणि तो तिच्या पाठीमागच्या भिंतीतून येत होता.

"कापसाच्या खोलीत हाय," जयवंता म्हणाली. मग ओरडली, "कापसात हाय पोरगी."

यंदाची वेचणी सगळी त्या खोलीत दाबून भरली होती. मरणाच्या गडबडीत कापूस विकायला नेला नव्हता. पुढच्या दाराला बाहेरून कडी, म्हणून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. पण मागच्या भिंतीला, जिथं फ्रॉक सापडला तिथंच, कापूस आत टाकायचा झरोका होता. मागच्या साली हिंगणीकडच्या एका वाडीत लहान लेकरू कापसात खेळता खेळता खाली गेलं होतं आणि घरच्यांना ते संध्याकाळी सापडलं होतं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक आईनं आपल्या पोरांना कापसाच्या खोलीची शपथ घातली होती. धुरपताला शपथ कोण घालणार?

वासुदेवराव धावले. कडी निघाली, दार उघडलं तसा कापूस त्यांच्या अंगावर ढासळला.

"कुठं?" त्यांनी विचारलं. कापसाला ना चेहरा, ना खूण. नुसता पांढरा डोंगर. "कुठं हाय ते?"

"आवाज आयका," जयवंता जात्यावरून म्हणाली. "मी फिरवतो तवर ते ठोकन. आवाजाकडे जा. भिंतीजवळून. वरतून चढू नोका, दबन ते."

तिला उठता येत नव्हतं. ती उठली असती तर जातं थांबलं असतं, जातं थांबलं असतं तर ठोका थांबला असता. पाठीमागे भासरे दोन्ही हातांनी कापूस उपसत होते, विमलाबाई तो पदरात भरभरून अंगणात फेकत होत्या, आणि जयवंता भिंतीकडे पाठ करून खुंटा ओढत होती, काही न दिसता. ठक. ठक. मधे लांबलेला एक ठोका. मग पुन्हा ठक.

दगड चांगलाच तापला होता. तिची पकड सुटत होती. रिकाम्या दगडांचं ते ओरडणं रुख्माबाईंना ऐकवेना. त्या कोठीकडे गेल्या, हाताला आलं ते मडकं उचलून परत आल्या आणि जात्याच्या तोंडात मूठभर तूर टाकली. मग आणखी एक मूठ. जात्याचा आवाज खाली आला, जाड झाला, घरघरला. रोज सकाळी कुंता असताना यायचा तसा.

"आता फिरव," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मूठ मूठ तूर टाकत होत्या. "आता रिकामं नाई ते. फिरव, माय."

ठोका बंद झाला.

जयवंता फिरवत राहिली. बंद झाला तो बंदच. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं तिच्याकडे. रुख्माबाईंची मूठ जात्याच्या वर तशीच राहिली. मागे कापसाची खसफस चालली होती, मग तीही थांबली. देवा, जयवंता मनात म्हणाली, मीच हो म्हणाले होते तिला न्यायला. मी म्हणाले होते.

"सापडली."

वासुदेवराव पोरीला दोन्ही हातांवर घेऊन आले. अंगावर नुसती चड्डी, केसात, भुवयांत, नाकपुड्यांत कापूस. घामानं भिजलेली, लालबुंद. मान मागे टाकलेली. विमलाबाईंनी तिच्या नाकातला कापूस बोटानं काढला. पोरगी शिंकली, किंचाळली, बापाच्या छातीवर लाथ मारून सुटली, आणि कोणाकडेही न पाहता सरळ जात्याकडे आली. पोरीचा गुडघा तिच्या पोटाला घासून गेला. रुख्माबाई झेपावल्या, पण जयवंतानं डाव्या हातानं त्यांना अडवलं. उजवा हात खुंट्यावरच होता.

धुरपता पालथी पडली, जात्याच्या कडेला कान लावला, आणि टाच भिंतीवर आपटू लागली. आवाजाच्या जागी ती पोचली होती. आपल्यासाठी कोण रडतं आहे, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं.

विमलाबाईंनी पिशवीतून घाटी काढली. वाजू नये म्हणून तिचा लोलक बोटांत धरून त्या पोरीच्या पायाशी बसल्या. "बांधू का?" त्यांनी जयवंताला विचारलं, नुसत्या ओठांनी. जयवंतानं मान डोलावली. त्यांनी घाटी पोरीच्या कमरेला बांधली.

टाचेचा ठोका मंदावत चालला होता. जयवंताचा हातही मंदावला. आता खरोखरच तिच्यात त्राण उरलं नव्हतं. पोटात कळ होती की नुसता थकवा, ते तिला कळेना, आणि ती भीती तिच्यासोबतच राहणार होती, आज, उद्या, पोरगी मोठी होईल तोवर. जातं अडखळलं. पोरीनं लगेच डोळे उघडले.

"सरका," वासुदेवराव म्हणाले.

ते समोर येऊन बसले होते, जिथं कुंता बसायची तिथं. या घरात काय, पंचक्रोशीत कोणा पुरुषानं जात्याला हात लावलेला कोणी पाहिला नसेल, आणि उंबऱ्यात सगळ्या बाया दाटलेल्या. भासऱ्याच्या हाताला हात लागू नये म्हणून जयवंतानं खुंटा वरच्या टोकाला धरला. त्यांनी तो खाली धरला. एक फेरा दोघांच्या हातानं झाला. मग तिनं हात काढून घेतला. जातं मधे थांबलं नाही.

रुख्माबाईंनी तूर टाकली. आणि जयवंताला जवळ ओढून तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं.

अंगणात बंडी जुपून उभी होती. पाटाकडून माणसं परतत होती, त्यांच्या बोलण्याचा गलका वाढत होता. नत्थूजी सगळ्यांना बाजूला सारत उंबऱ्यापर्यंत आले आणि समोरचं पाहून जागीच थांबले. तरी त्यांनी विचारलंच, नेहमीच्या खणखणीत आवाजात.

"वासुदेव, बैल ताटकळले. निंगायचं ना?"

वासुदेवरावांनी मान वर केली नाही. त्यांना खुंटा धरता येत नव्हता, जातं वाकडंतिकडं फिरत होतं, तूर बाहेर उडत होती. पोरीची टाच भिंतीला टेकून स्थिर झाली होती.

"हळू बोला, काका," ते म्हणाले. "पोरगी झोपून राह्यली."